कंबर धरते ती रोजच्या सवयींनी

"मी तर काही जड उचललंसुद्धा नाही!" कंबर दुखते म्हणून आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणारे कितीतरी जण पहिल्याच भेटीत हे सांगतात, आणि ते खरं असतं. तीन महिने उलटूनही न थांबणाऱ्या कंबरदुखीमागे बऱ्याचदा एखादी मोठी इजा नसतेच. म्हणून आम्ही आधी विचारतो, दिवसभरात न उठता सलग किती वेळ बसता?

कमरेत पाच मणके असतात आणि त्यांच्यामध्ये गाद्या. मोठ्या माणसाच्या या गाद्यांना थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. पोषण आजूबाजूने झिरपत येतं आणि हालचालीने त्याला मदत होते. एकाच जागी तासन्‌तास बसलं की ही हालचाल थांबते, स्नायू आखडतात. "ताठ बसा" एवढाच सल्ला आम्ही देत नाही. तीन तास ताठ बसून राहणाऱ्याची कंबरही दुखते! खुर्चीत पूर्ण मागे सरका, कमरेच्या खोलगट भागामागे टॉवेलची गुंडाळी ठेवा, पाय जमिनीला टेकवा. पण अर्ध्या तासाने उठाच. फोन आला की उभं राहून बोला, एवढ्यानेही फरक पडतो.

सकाळची वेळ जरा जपायची. रात्रभर आडवं असताना गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच. अशा फुगलेल्या गादीवर पुढे वाकल्याचा ताण जास्त येतो. उठल्या उठल्या बेसिनवर वाकून तोंड धुताना कंबर धरली, असं सांगणारे आम्हाला नेहमी भेटतात. एक हात बेसिनच्या कडेवर टेकवा, गुडघे थोडे सैल सोडा. खूप वाकायचे व्यायाम उठल्यावर तासाभराने करा.

मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून गाडी चालवत असाल, तर ते आजच काढा. एक कुल्ला उचलला जातो आणि सगळा प्रवास कंबर तिरकी राहते. भरलेली बादली हात लांब करून उचलू नका. जवळ जा, गुडघ्यात वाका, बादली अंगालगत धरा. वळायचं असेल तर पावलं वळवा, कंबर पिळू नका. कुशीवर झोपत असाल तर गुडघ्यांमध्ये उशी घेऊन पाहा. सिगारेटनेही गाद्यांचं पोषण घटतं.

सगळ्यात नुकसान करणारी सवय मात्र दुखायला लागल्यानंतर लागते: घाबरून हलणंच सोडणं. आठवडेच्या आठवडे अंथरुणात काढले किंवा पट्टा महिनोन्‌महिने बांधला, की स्नायू कमजोर होतात आणि दुखणं लांबतं. एमआरआयमध्ये "गादी झिजली" असं वाचून माणसं हादरतात. पण वय वाढेल तशी ही झीज काहीही न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही दिसते. थोडं दुखत असलं तरी चालायला हरकत नाही. दहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा.

काही लक्षणांत मात्र आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नका. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी होऊ लागली, तर तडक रुग्णालय गाठा. सोबत ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

बाकी सगळ्यांनी पहिल्या भेटीला येताना एका दिवसाची साधी नोंद आणावी: किती वाजता बसलात, कधी उठलात, दुखणं कशाने वाढलं आणि कशाने उतरलं. एमआरआय आधीच काढलेला असेल तर सोबत घ्या. नसेल तर आमच्याकडे यायचं म्हणून मुद्दाम काढू नका.