लकव्यानंतरच्या व्यायामासाठी इंटरॅक्टिव्ह टेक्नॉलॉजी

लकवा म्हणजे पक्षाघात झाल्यावर एका बाजूचा हातपाय नीट हलत नाही, तो परत कामाला लागावा म्हणून व्यायाम करून घेणाऱ्या गेम, सेन्सर, रोबोट अशा साधनांचा हा विषय. दुखापत हाताला नसते, मेंदूला असते, मेंदूचा जो भाग गेला त्याचं काम बाकीचे भाग थोडंफार उचलतात पण त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा व्हावी लागते. २००९ च्या एका पाहणीत थेरपीच्या एका सेशनमधे हाताच्या अशा हालचाली सरासरी ३२ च भरल्या, प्राण्यांवरच्या प्रयोगात त्या ४०० च्या वर जातात. ही तूट पेशंट न कंटाळता कशी भरायची, हेच इथलं खरं काम.

सुरुवातीचं मोठं नाव एमआयटी-मॅनस, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांचा रोबोट. हात त्यात ठेवून स्क्रीनवरच्या टार्गेटकडे न्यायचा, अडलं तर मशीन मदत करतं (गरजेपुरतीच, सगळं मशीननेच केलं तर मेंदू शिकणार काय?). पुढे २००६ ला निन्टेन्डो वी (हातातला रिमोट हलवून खेळायचं गेमचं यंत्र) आणि २०१० ला कायनेक्ट (शरीराची हालचाल टिपणारा गेमचा कॅमेरा) आला. कायनेक्टमधे हातात काही धरावंच लागत नाही, ज्याची मूठ वळत नाही त्याच्यासाठी हे फार मोलाचं.

पण धडधाकट माणसांसाठीच्या गेम इथे तशाच चालत नाहीत. स्पीड जास्त, स्क्रीनवर गर्दी, आणि मेंदूच्या उजव्या बाजूला झटका बसलेल्या बऱ्याच जणांचं डावीकडे लक्षच जात नाही म्हणजे तिथलं बटण त्यांना दिसून न दिसल्यासारखं. त्याहून अवघड म्हणजे चोरवाटा: खांदा उचलून, कमरेतून झुकून हात टार्गेटला लागतो, गेम पॉइंट देते आणि कोपर दुमडलेलंच राहतं. म्हणून हात पोचला का एवढंच नाही, कसा पोचला हे सेन्सरने बघायलाच हवं.

मोठ्या चाचण्यांचे निकाल मात्र माफकच आहेत. २०१६ मधे १४१ पेशंटच्या चाचणीत वी खेळणारे आणि पत्त्यांसारखे साधे खेळ खेळणारे सारखेच सुधारले, २०१९ मधे ब्रिटनमधे ७७० पेशंटवर एमआयटी-मॅनस वापरून बघितला तर हाताच्या कामात नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. माझ्या मते यातून घ्यायचं ते हे की नुसतं मशीन आणून भागत नाही, गेममधली हालचाल शर्टाच्या बटणापर्यंत पोचली पाहिजे, त्यामुळे काही डिझाइनमधे कप, चावी अशा रोजच्या वस्तूंनाच सेन्सर लावतात ते मला जास्त पटतं. आणि घरी वापरायचं साधन एका हाताने चढवता यायला हवं, नाहीतर मुलगा-सून सकाळी कामाला गेले की ते दिवसभर कपाटातच.