हाताला सिमेंटची सवय होत नाही

"आमच्या हाताला आता सिमेंटची सवय झालीय." चालू बांधकामावर एखाद्या जुन्या गवंड्याला हातमोज्यांबद्दल विचारलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. नव्या बिगाऱ्याची बोटं फुटली, खाज सुटली, तर 'महिनाभरात हात तयार होईल' अशी त्याची समजूत काढतात. ही समजूत साफ चुकीची आहे. ती का चुकीची आहे हे समजायला दहावीपर्यंतचं रसायनशास्त्र पुरेसं आहे, आणि त्वचेचं आश्चर्य वाटायची तयारी हवी.

सिमेंटमध्ये पाणी पडलं की त्यातला मुख्य घटक, ट्रायकॅल्शियम सिलिकेट, पाण्याशी अभिक्रिया करू लागतो. त्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होतं, ज्यामुळे माल घट्ट होतो. सोबत कॅल्शियम हायड्रॉक्साइडही तयार होतं, म्हणजे विरी गेलेला चुना. पानात जास्त पडला तर तोंड पोळवणारा तो हाच चुना. सिमेंटमधले सोडियम आणि पोटॅशियम त्यात आणखी भर घालतात. त्यामुळे ओल्या मालाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजायचं माप; तो जितका जास्त तितकी आम्लता कमी) 12 ते 13 पर्यंत जातो. निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू साधारण 5 असतो, म्हणजे ती किंचित आम्लधर्मी असते. सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चढते, त्यामुळे 5 आणि 12 यांतला फरक सात नसतो, एक कोटी पट असतो.

त्वचा आम्लधर्मी असते हा योगायोग नव्हे. शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन वैद्यकांनी 1928 साली या आम्लतेला 'आम्लाचं आवरण' असं नाव दिलं. घामातलं लॅक्टिक आम्ल, मेदाम्लं आणि त्वचेतल्या प्रथिनांच्या विघटनातून येणारी काही आम्लं मिळून ते आवरण तयार होतं. त्याचं महत्त्व कळण्यासाठी त्वचेचा सगळ्यात वरचा थर, स्ट्रॅटम कॉर्नियम, जवळून पाहायला हवा. शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकीही नसते. त्यात मृत, चपट्या, केराटिन नावाच्या प्रथिनानं भरलेल्या पेशींचे पंधरा-वीस थर असतात, आणि पेशींच्या मधल्या फटी सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त मेदाम्लं या तीन प्रकारच्या स्निग्ध पदार्थांनी लिंपलेल्या असतात. शास्त्रज्ञ या रचनेचं वर्णन विटा आणि गारा असंच करतात. पेशी म्हणजे विटा, स्निग्ध पदार्थ म्हणजे गारा. गवंडी बांधतो त्या भिंतीत मजबुती मुख्यतः विटांची असते. इथे मात्र पाणी आणि रसायनं अडवण्याचं बहुतेक काम गारा करतो.

हा गारा कायमचा नसतो. वरच्या पेशी रोज झडतात आणि खालून नव्या येतात, म्हणून तो सतत बनवत राहावा लागतो. सेरामाइड तयार करणारी विकरं (एन्झाइम) आम्लधर्मी वातावरणातच नीट चालतात. याउलट पेशींना एकमेकींशी जखडणारे प्रथिनांचे खिळे तोडणारी विकरं सामू वाढला की जास्त जोमानं कामाला लागतात. म्हणजे हाताचा सामू वर गेला की बांधणारे हात थंडावतात आणि पाडणारे वेग घेतात. ओला माल दिवसभर हाताला लागून राहिला तर हेच घडतं. पुढे मालातला आम्लारी, म्हणजे चुन्यासारखा आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, स्निग्ध पदार्थांशी थेट अभिक्रियाही करतो. मेदाम्लांचं साबणात रूपांतर होतं. कॉस्टिक सोडा बोटांना बुळबुळीत लागतो त्यालाही हेच साबणीकरण कारण असतं. केराटिन पाणी शोषून फुगतं, त्याच्या साखळ्यांमधले गंधकाचे बंध तुटतात आणि वाळूचे कण ती मऊ झालेली त्वचा खरवडून काढतात.

आता घट्ट्यांकडे वळू. तळहाताचा वरचा थर मुळातच जाड असतो आणि घट्टे पडले की आणखी जाडावतो, हे खरं. पण घट्टाही त्याच विटा-गाऱ्याचा असतो. त्यातले स्निग्ध पदार्थ निघून गेले की तो वाळतो, ताठरतो आणि चिरतो. भेग खालच्या जिवंत त्वचेपर्यंत पोचली की जाडीचा काही उपयोग उरत नाही. बोटांच्या बेचक्या, मनगट आणि हाताची मागची बाजू इथे तर घट्टे पडतच नाहीत, आणि त्रास बहुधा तिथूनच सुरू होतो.

दुखत नाही म्हणून काही होत नाही, हा दुसरा गैरसमज. आम्लामुळे त्वचेतली प्रथिनं गोठतात आणि बऱ्याचदा त्या गोठलेल्या थराचाच थोडा अडसर होतो. आम्लारी मात्र प्रथिनं आणि मेद विरघळवत आत आत उतरत जातो. सिमेंटचा दाह सुरुवातीला फारसा जाणवत नाही. काही तासांनी, अनेकदा घरी गेल्यावर, लाली, फोड आणि खोल जखम दिसते. कोबा करताना ओल्या काँक्रीटमध्ये गुडघे टेकून बसणाऱ्यांना अशा जखमा होतात. हातमोज्यात किंवा बुटात शिरलेला मालही तेच करतो.

हे झालं चुन्याबद्दल. सिमेंटमध्ये क्रोमियमही अगदी अल्प प्रमाणात असतं. भट्टीत सुमारे 1450 अंश सेल्सिअसला त्याचा काही भाग षट्संयुजी (सहा संयुजेचा) होतो. हे क्रोमेट पाण्यात विरघळतं आणि त्वचेतून आत जातं. आत त्याचं त्रिसंयुजी क्रोमियम होतं, ते आपल्या प्रथिनांना चिकटतं आणि प्रतिकारयंत्रणेतल्या टी-पेशी त्या जोडीला परकी समजून तिची आठवण साठवतात. ही ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही, कित्येक वर्षं निर्धास्त काम केलेल्या माणसालाही होते. एकदा झाली की सहसा जन्मभर राहते आणि अत्यल्प क्रोमेटही पुरतं. म्हणजे जिला 'सवय' म्हणतात ती बऱ्याचदा ॲलर्जी होण्याआधीची शांतता असते. सिमेंटमध्ये थोडं फेरस सल्फेट मिसळलं की षट्संयुजी क्रोमियमचं त्रिसंयुजी होतं आणि ते फारसं विरघळत नाही. डेन्मार्कनं 1983 साली पाण्यात विरघळणाऱ्या क्रोमेटवर दहा लाखांत दोन भागांची मर्यादा घातली. युरोपीय संघानं 2005 मध्ये तीच मर्यादा लागू केली. पांढऱ्या सिमेंटमध्ये क्रोमियम कमी असतं, पण चुना असतोच. म्हणून सुट्टीच्या दिवशी फरशीच्या सांध्यांत बोटानं पांढरं सिमेंट भरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

हाताला असा इसब झाला की त्याचं खापर 'अंगातल्या उष्णते'वर किंवा 'बाधे'वर फुटतं आणि मनगटाला मंतरलेला दोरा येतो. त्या दोऱ्याचं मला खरोखर वाईट वाटतं. सुती दोरा सिमेंटचं पाणी शोषून ते दिवसभर त्वचेला लावून ठेवतो. घट्ट अंगठीखालीही तसंच साचतं. दोरा आणि अंगठी दोन्ही कामाआधी काढावीत. 'संरक्षक' म्हणून खपणाऱ्या महागड्या मलमांवरही विसंबू नये, ती हातमोज्याची जागा घेत नाहीत.

हातमोजेही पारखून घ्यावे लागतात. नुसता सुती हातमोजा माल शोषतो आणि त्याचा लेप होतो, म्हणजे उघड्या हातापेक्षा वाईट. चामड्याचा पाणी अडवत नाही, शिवाय चामडं बहुधा क्रोमियमनं कमावलेलं असतं, त्यामुळे क्रोमेटची ॲलर्जी असलेल्यानं तो टाळावा. आतून सुती अस्तर आणि बाहेरून पूर्ण नायट्राइल रबराचा लेप असलेला, मनगटाच्या वरपर्यंत येणारा हातमोजा चांगला. छताला गिलावा करताना त्याची कड बाहेरून दुमडावी, म्हणजे ओघळ आत येत नाही. हात धुऊन, कोरडे करूनच तो घालावा आणि आतून ओला झाला की लगेच बदलावा. महाराष्ट्रात बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदणीकृत कामगारांना सुरक्षा संच देतं, त्यात हातमोजे असतात. नोंदणी करावी आणि ते पेटीत न ठेवता वापरावेत.

हात कोणत्या पाण्यात धुतो हेही पाहावं. ज्या पिंपात घमेली, फावडी बुचकळतात त्यातलं पाणी म्हणजे चुन्याची निवळी, त्याचा सामू जवळजवळ मालाइतकाच. त्यात हात धुणं म्हणजे पुन्हा आम्लारी लावणं. कपड्यांच्या पावडरीनं किंवा रॉकेलनं हात घासू नयेत, त्यानं उरलासुरला मेदही जातो. वाहतं स्वच्छ पाणी, सौम्य साबण, आणि कोरड्या हाताला खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली. दाह झालाच तर भिजलेला कपडा काढून किमान वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरावं. लिंबू शोधण्यात, हळद किंवा टूथपेस्ट लावण्यात वेळ घालवू नये. दुखणं कमी असलं तरी डॉक्टरांना दाखवावं, आणि काम सिमेंटचं होतं हे त्यांना सांगावं.