दुभाष्या तुम्ही आणायचा नसतो

'अमेरिकेत आईबाबांना इंग्रजी येत नसेल तर डॉक्टरकडे मुलाने रजा काढून जायलाच हवं' हा समज चुकीचा आहे. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा), मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा) यांसारखा केंद्रीय निधी घेणाऱ्या रुग्णालयाने प्रशिक्षित दुभाष्या मोफत द्यायचा असतो. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याचं कलम १५५७ तसं बंधन घालतात. व्हिजिटर व्हिसावरच्या पालकांनाही हा हक्क आहे.

अपॉइंटमेंट घेतानाच 'मराठी' असं स्पष्ट सांगा आणि नोंद झाली का, ते विचारा. नाहीतर नुसतं 'इंडियन' ऐकून हिंदी दुभाष्या जोडला जातो. मराठीचा बहुधा फोनवर किंवा व्हिडिओवर मिळतो.

मुलगा सोबत असला तरी दुभाष्या मागाच. मुलगा कितीही प्रेमळ असो, आई त्याच्यासमोर अंगावरून जातंय किंवा लघवी थांबत नाही हे बोलत नाही. आणि डॉक्टरांची पाच वाक्यं तो 'काही नाही, गोळ्या घे' एवढ्यात उरकतो. रक्त पातळ करणारी गोळी शस्त्रक्रियेआधी किती दिवस बंद ठेवायची, हे नेमकं अशा वेळी गळतं. अल्पवयीन नातवंडांना तर तातडीचा प्रसंग सोडून मध्ये घालायला नियमानेच मनाई आहे.

नकार मिळाला तर केंद्रीय आरोग्य खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे १८० दिवसांत तक्रार करता येते.