'रॉट' हे 'वर्क'चंच रूप

२४ मे १८४४ रोजी सॅम्युएल मोर्सनं वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार केली: 'व्हॉट हॅथ गॉड रॉट'. देवानं केवढं घडवलं आहे, असा त्याचा अर्थ. ओळ १६११ च्या इंग्रजी बायबलमधली, 'गणना' या पुस्तकातली. यातला 'रॉट' (wrought) म्हणजे 'वर्क' या क्रियापदाचं जुनं भूतकाळी रूप. आज पटत नाही, कारण शाळेपासून आपण 'वर्क्ड' घोकलेलं असतं.

जुन्या इंग्रजीत क्रियापद होतं 'व्युर्चान' आणि त्याचा भूतकाळ 'वोर्ख्ते'. पुढे त्यातल्या र आणि स्वरानं जागा बदलल्या: 'वोर्ख्ते'चं 'व्रोख्ते' झालं. याला वर्णविपर्यय म्हणतात. लखनौचं नखलौ होतं, तोच प्रकार. इंग्रजीत हे र-कारानं अनेकदा केलं आहे. पक्ष्याला म्हणायचा 'बर्ड' हा शब्द मुळात 'ब्रिड' होता. नंतर 'ख'चा उच्चार गेला, शब्दाच्या सुरुवातीचा 'व'ही गेला. स्पेलिंगमध्ये मात्र gh आणि w ही त्यांची अक्षरं अजून ठाण मांडून आहेत, आणि मला ते फार मोलाचं वाटतं: उच्चारानं पुसलेला इतिहास तिथे वाचता येतो.

'थिंक'चं 'थॉट', 'ब्रिंग'चं 'ब्रॉट', 'सीक'चं 'सॉट' होतं, त्याच कुळातलं हे रूप. ती टिकली, 'रॉट' हटलं. मध्ययुगाच्या अखेरीस सरळ 'वर्क्ड' रूढ होऊ लागलं आणि रोजच्या बोलण्यातून 'रॉट' हळूहळू बाहेर पडलं.

मात्र विशेषण म्हणून ते तगलं, मुख्यतः लोहारकामात. 'रॉट आयर्न' म्हणजे ठोकून घडवलेलं लोखंड, आपलं घडीव लोखंड. साच्यात ओततात ते बीड वेगळं. १८८९ चा आयफेल टॉवर घडीव लोखंडाचाच आहे. हल्ली त्या नावानं विकली जाणारी फाटकं बहुतेक साध्या पोलादाची असतात.

एक गफलत सर्रास होते. 'रीक हॅवक' (wreak havoc), म्हणजे हाहाकार माजवणे, याचा भूतकाळ 'रॉट' आहे असं अनेकांना वाटतं. 'रीक' हे वेगळं क्रियापद, त्याचा मूळ अर्थ सूड घेणे, आणि भूतकाळ 'रीक्ट'. 'रॉट हॅवक' हा प्रयोग छापील इंग्रजीत चांगलाच रुळला आहे, त्यामुळे त्याला चूक म्हणता येत नाही. पण त्यातला 'रॉट' 'वर्क'चाच.