वंडरला : हैदराबादचं की बेंगळुरूचं? गाडी ठरवण्याआधी हे वाचा

नमस्कार.

वंडरला म्हणजे राइड्स आणि पाण्याच्या खेळांचं मोठं करमणूक पार्क. परीक्षा उरकत आल्या की सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या छोट्या सहलींच्या ऑफिसात रोज कुणीतरी विचारतं, "वंडरलाला जायचंय, हैदराबादचं चांगलं का बेंगळुरूचं?" फोनवर दोन मिनिटांत हे सांगता येत नाही. काउंटरवर नीट सांगत बसलं तर मागं लोक ताटकळतात. म्हणून हा कागद. घरी न्या, सगळ्यांना वाचू द्या, मग या.

हे लिहिणाऱ्यानं बेंगळुरूचं पार्क पहिल्यांदा २००८ साली पाहिलं आणि हैदराबादच्या पार्कात ते सुरू झाल्या वर्षापासून गाड्या नेल्या. दोन्हीकडे मिळून फेऱ्या किती झाल्या, याची वही ठेवलेली नाही. पण पार्किंगमध्ये दुपारी चारला सावली कुठं पडते, ते दोन्हीकडचं सांगता येईल.

दोघी बहिणीच

आपल्याकडे फ्रिजखाली किंवा टीव्हीशेजारी व्ही-गार्डचा स्टॅबिलायझर असायचा, आठवतो? ती कंपनी काढणाऱ्या कोचौसेफ चिट्टिलप्पिली यांनीच २००० साली कोचीला 'वीगालँड' नावाचं पार्क सुरू केलं. २००५ साली बेंगळुरूजवळ 'वंडरला' आलं आणि पुढं कोचीच्या पार्कालाही तेच नाव मिळालं. २०१६ च्या एप्रिलमध्ये हैदराबादचं उघडलं. घर त्यानंतरही वाढलं, २०२४ साली भुवनेश्वरलाही एक पार्क झालं. पण सोलापूरकरांच्या कामाच्या या दोघीच : थोरली बेंगळुरूची, धाकटी हैदराबादची.

काही राइड्स परदेशातून येतात, काही कंपनी कोचीतल्या स्वतःच्या कारखान्यात बनवते. त्यामुळे एका पार्कात पाहिलेली वस्तू दुसरीकडे पुन्हा दिसते. लाटांचा तलाव, संथ वाहणारी नदी, कोमट पाण्याच्या पावसात नाचायचा हॉल, गोल फिरत खाली सोडणाऱ्या घसरगुंड्या हे सगळं दोन्हीकडे आहे. दिवाळीत एक आणि मे महिन्यात दुसरं करू म्हणणाऱ्यांना आम्ही स्वतःच थांबवतो. धंदा बुडतो, पण दुसऱ्या वेळी मुलंच म्हणतात, "हे तर बघितलंय की बे."

'रिकॉइल'बद्दल थोडं जास्त

कारण सगळ्यात जास्त प्रश्न हिच्याबद्दल येतात. ही रोलर कोस्टरची राइडसुद्धा दोन्हीकडे आहे. नेदरलँड्सच्या वेकोमा कंपनीचा हा नमुना १९८४ पासून जगभर फिरतोय. आधी गाडी स्टेशनातून मागच्या मागं, पाठ वर करून, उंच चढावर ओढली जाते. सुमारे ३५ मीटर. वर पोहोचली की सोडून देतात. पुढं इंजिन नाही, नुसता उतार. गाडी स्टेशनातून सुसाट सुटते, नागाच्या फण्यासारख्या वळणात दोनदा उलटी होते, मग उभ्या गोलातून एकदा. समोरच्या चढावर जाते, तिथं तिला पुन्हा वर ओढतात आणि सोडतात. आता तोच सगळा रस्ता मागच्या मागं! जाताना तीन कोलांट्या, येताना तीन.

वेग म्हणाल तर ताशी पंचाहत्तरच्या आसपास. पुणे रोडवर आपली गाडी यापेक्षा जोरात जाते. भीती वेगाची नसतेच, पुढचं वळण दिसत नाही त्याची असते. मानेचं किंवा पाठीचं दुखणं असेल, रक्तदाब असेल, हृदयाचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील तर बसू नका, खाली उभं राहून फोटो काढा. आणि जेवून लगेच तर कुणीच बसू नका. आमच्या गाडीत पिशव्या असतात, पण त्या घाटासाठी.

हिच्यासाठी म्हणून बेंगळुरूला जाऊ नका, एवढंच सांगायचं होतं. हैदराबादला तीच मिळते, आणि रस्ता निम्मा.

साठ राइड्स की चाळीस राइड्स?

बेंगळुरूला साठच्या वर, हैदराबादला चाळीसच्या वर, असं जाहिरातीत असतं आणि ते खरंही आहे. थोरलीकडे जमीनही जास्त, सुमारे ८२ एकर. धाकटीकडे सुमारे ५०. लोक हे आकडे बघून लगेच बेंगळुरू म्हणतात. आम्ही त्यांना पेन्सिल देतो.

अकरा ते सहा म्हणजे ४२० मिनिटं. लॉकर, दोनदा कपडे बदलणं आणि जेवण यात दीड तास जातो. उरली ३३० मिनिटं. मधल्या वारी एक राइड, रांग आणि चालणं धरून, आमच्या अनुभवात वीस मिनिटं घेते. म्हणजे सोळा राइड्स. रविवारी पस्तीस मिनिटं धरा, नऊ झाल्या तरी नशीब. मग साठ असोत की चाळीस, तुमच्या वाट्याला येणार नऊ ते सोळा. बाकीच्या तुम्ही लांबून बघणार.

म्हणून पार्कापेक्षा वार नीट निवडा. मंगळवार-बुधवार उत्तम, तिकीटही शनिवार-रविवारपेक्षा स्वस्त पडतं. एक मेख मात्र आहे : डिसेंबर-जानेवारीतला मंगळवार रिकामा असेल असं वाटतं, आणि गेटवर बघावं तर शाळांच्या सहलींच्या बस ओळीनं उभ्या. त्या दिवसांत सोमवार काय नि शुक्रवार काय. दसऱ्याच्या सुट्टीत कर्नाटकातली सगळी शाळकरी पोरं बेंगळुरूच्या पार्कात असतात, आणि बतुकम्मा-दसऱ्यात तेलंगणातली हैदराबादच्या. घाई असेल तर रांग टाळायचं 'फास्ट ट्रॅक' तिकीट मिळतं, पण ते बरंच महाग. रविवारशिवाय जमतच नसेल तरच विचार करा.

रस्ता

इथं धाकटी सरळसरळ जिंकते. सोलापूर ते हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या आसपास : नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी. पुढं पटणचेरूजवळ आउटर रिंग रोडला लागायचं आणि शहरात अजिबात न शिरता विमानतळाच्या बाजूनं रावीरालाला, म्हणजे पार्कापाशी, उतरायचं. रात्री साडेदहाला निघालेली गाडी पहाटे पोहोचते. आंघोळ-नाश्ता करायला खोल्या आम्ही घेतोच. रेल्वेनंही जाता येतं, पण पहाटेची हुसेनसागर पकडली तर हैदराबाद गाठून पार्कात शिरेपर्यंत अर्धा दिवस गेलेला असतो.

बेंगळुरू सहाशे किलोमीटरच्या वर. विजयपूर, होस्पेट, चित्रदुर्ग, तुमकूर, आणि वर शहराला बाहेरून वळसा घालून म्हैसूर रोडला लागायचं, कारण पार्क बिडदीच्या अलीकडे आहे. पूर्वी आम्ही एकदा चूक केली : रात्रभर गाडी चालवली आणि अकराला सगळ्यांना थेट गेटवर उतरवलं. एक आजोबा दिवसभर बाकावर झोपले आणि संध्याकाळी म्हणाले, "झोप मात्र छान लागली." त्यांचं तिकीट अजून आमच्या मनावर आहे. तेव्हापासून बेंगळुरूला त्याच दिवशी पार्क आम्ही करत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. दुपारनंतरच्या उद्यान एक्सप्रेसनं निघा, सकाळी बेंगळुरूत उतरा, त्या दिवशी लालबाग-विधानसौध बघा आणि दुसऱ्या दिवशी ताजेतवाने होऊन पार्कात जा. मेट्रोची जांभळी लाइन २०२३ पासून चल्लघट्टापर्यंत जाते. तिथून पुढं टॅक्सीनं पार्क फार लांब नाही.

थोडक्यात, हैदराबादला एक दिवस आणि दोन रात्रीचे प्रवास, बेंगळुरूला चार दिवस धरा.

मग बेंगळुरूला जायचंच कशाला?

तीन कारणं आहेत, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला तेच पार्क जास्त आवडतं.

पहिलं कारण झाडं. अकरा वर्षांचा फरक आहे दोघींत, आणि तो सावलीत दिसतो. राइडमध्ये न बसणारी माणसं, म्हणजे आजी-आजोबा आणि कडेवर बाळ असलेली आई, यांचा दिवस सावलीवर ठरतो.

दुसरं हवा. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर आहे. मे महिन्यात आपण सोलापुरात बेचाळीस-त्रेचाळीस अंशात भाजत असतो, हैदराबाद आपलीच चुलतबहीण, तिथं चाळीसच्या आसपास. बेंगळुरूला पस्तीस झाले की तिथले लोक उकडतंय म्हणतात! मात्र त्याच हवेची दुसरी बाजू : एप्रिल-मे महिन्यात तिथं दुपारनंतर विजांसह पाऊस येतो, आणि वीज चमकली की उंच राइड्स थांबतात, मग कितीही वेळ रांगेत उभे असा. म्हणून तिथं उंच राइड्स आधी, पाणी नंतर. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथं पाऊस जोरात असतो, ते दिवस टाळलेले बरे. आणि डिसेंबरात पाण्यात उतरलात तर हुडहुडी भरते. हिवाळ्यात पाण्यासाठी जायचं तर हैदराबाद.

तिसरं कारण 'स्काय व्हील'. होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते तेव्हा पाळण्यातून सिद्धेश्वरांचं तळं आणि भुईकोट किल्ला एका नजरेत दिसतो. पाळणा वर गेला की पोटात गोळा येतो, खाली आला की परत बसावंसं वाटतं. तोच पाळणा उचलून उंच मनोऱ्याच्या माथ्यावर ठेवला तर? बेंगळुरूला तेच केलंय. लिफ्टनं वर जायचं आणि मग पाळण्यात बसायचं. फिरतो सावकाश, म्हणून साठीच्या लोकांनाही जमतो. आमच्या एका मावशी दर वर्षी गड्ड्यात बसणाऱ्या, त्या वर गेल्यावर म्हणाल्या, "इथून सोलापूर दिसत नाही एवढंच."

बेंगळुरूच्या पार्काला लागून त्यांचं स्वतःचं रिसॉर्ट २०१२ पासून आहे, स्वस्त नाही. जोडीला म्हैसूर करता येतं. रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर दिवे लागतात, तेवढं बघून बेत आखा.

आणि हैदराबाद कुणासाठी?

आमच्या दहातल्या आठ-नऊ कुटुंबांसाठी. लहान मुलं, मोजकी सुट्टी, मोजका खर्च. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या पद्मशाली (तेलुगू विणकर समाजातल्या) ग्राहकांना तर तिथं माहेरी आल्यासारखंच, तेलुगू घरचीच, आणि मुक्कामाला एखादा मामा किंवा आत्या निघतेच. (अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्यांना हेच सुख बेंगळुरूत.) तिथली 'मिशन इंटरस्टेलर' घरातल्या मोठ्यांना जरूर दाखवा : मोठ्या पडद्यापुढं पाय लटकत ठेवून बसायचं आणि उडाल्यासारखं वाटतं, पण हाडं हलत नाहीत. एक दिवस जास्त असेल तर रामोजी फिल्म सिटी जोडा. दोन्ही एकाच दिवशी होत नाहीत. कृपया विचारू नका.

घरून निघताना

तिकीट वयावर नाही, उंचीवर असतं. ८५ सेंटीमीटरच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही, ८५ ते १४० ला बालतिकीट, त्यावर मोठ्यांचं. मुलांना चपला काढून दाराच्या चौकटीशी उभं करा, पेन्सिलनं खूण करा, टेपनं मोजा. "मागच्या वर्षी एकशे अडतीस होता" चालत नाही, मुलं वाढतात. राइडपाशीही उंचीची पट्टी असते आणि तिथं विनवण्या करून उपयोग होत नाही. पोराला ते आधीच घरी सांगून ठेवा, रांगेच्या टोकाला रडारड नको. साठीच्या पुढच्यांना आणि कॉलेजच्या मुलांना सवलत असते, पण ओळखपत्र मूळ लागतं.

पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन किंवा पॉलिस्टरचेच हवेत. एका वर्षी आमच्या गाडीतल्या अकरा बायका सुती पंजाबी ड्रेस घेऊन आल्या आणि सगळ्यांना तिथं नवे घ्यावे लागले. आम्ही सांगायला विसरलो होतो, चूक आमचीच. तेव्हापासून पावतीवर लाल शाईनं लिहितो.

बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे गाडीतच ठेवा. सकाळी पोटभर नाश्ता आणि संध्याकाळी बाहेर आल्यावर गाडीत बसून खा. ओल्या अंगानं भाकरी-चटणीची चव काही निराळीच लागते.

चष्म्याला मागून दोरी बांधा. अंगठ्या, मंगळसूत्र, पैंजण घरी किंवा लॉकरात.

बुकिंगला येताना प्रत्येकाचं वय, मुलांची सेंटीमीटरमधली उंची आणि कुणाला काही दुखणं असेल तर ते एका कागदावर लिहून आणा. आजचे दर आम्ही त्याच कागदाच्या मागं लिहून देऊ, कारण पार्कांची तिकिटं वारानुसार बदलतात आणि छापलेला दर खोटा ठरतो. रद्द करायचं असेल तर चार दिवस आधी कळवा. आणि टॉवेल मात्र घरून आणा हो, सोलापूरच्या माणसानं बेंगळुरूत टॉवेल विकत घेतलेला आम्हाला बघवत नाही.