वाळवंटातली कमान उभी राहते ती वजनामुळे

जॉर्डनच्या सहलीत पेट्रा हे कड्यांत कोरलेलं प्राचीन शहर पाहून आम्ही वादी रमच्या वाळवंटात उतरलो. उम फ्रूथ नावाच्या दगडी कमानीखाली जीप थांबली आणि आमच्या बदू (बेदुइन) वाटाड्याने वर बोट दाखवलं, "ही वाऱ्याने कोरली." पेट्रातल्या कड्यांबद्दलही आम्हाला हेच सांगितलं होतं. गटातल्या सगळ्यांना ते पटलं, कारण वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाराच येतो.

पण वाऱ्याबरोबर वाळू फार वर जात नाही. कण उड्या मारत पुढे सरकतात आणि त्यातले बहुतेक जमिनीपासून मीटरभरातच राहतात. त्याहून उंच उडते ती धूळ, आणि धुळीने खडक फारसा झिजत नाही. मग इतक्या उंचावरची कमान कापली कोणी?

इथला वालुकाश्म सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा, नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा. लोहाच्या ऑक्साइडमुळे तो लाल दिसतो. त्याचे कण सुटे करण्याचं काम मुख्यतः पाणी आणि मीठ करतं. ओल खडकात शिरते, सुकताना क्षारांचे स्फटिक मागे ठेवते आणि ते स्फटिक कणांना एकमेकांपासून रेटतात. हे तर सगळीकडेच घडत असतं. मग काही भाग ढासळतो आणि काही शतकानुशतकं टिकतो, असं का?

या प्रश्नाचं उत्तर मला फार आवडतं. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातले यिर्शी ब्रुथान्स आणि सहकाऱ्यांनी ते २०१४ साली 'नेचर जिओसायन्स' या शोधपत्रिकेत मांडलं. त्यांनी चेक खाणीतला असा वालुकाश्म घेतला की ज्याचे कण एकमेकांत नुसते अडकलेले असतात, त्यांना चिकटवणारं जवळजवळ काहीच नसतं. त्याचा ठोकळा पाण्यात ठेवला की ढासळतो. वर वजन ठेवून बुडवला, तर कडेचे कण गळतात, ठोकळा बारीक होतो आणि मग गळती थांबते. आठ-दहा पुस्तकं दोन तळव्यांत घट्ट दाबून आडवी उचलून बघा. मधली पुस्तकं पडत नाहीत. दाब सैल केला की सगळी खाली. कणांचंही तसंच आहे.

आता शाळेतलं सूत्र आठवा: दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. खांबाचा छेद ४ चौरस मीटरवरून झिजून २ चौरस मीटर झाला, तर वरचा भार तोच असल्याने दाब दुप्पट होतो. म्हणजे झीज जसजशी वाढते तसतसे उरलेले कण जास्त घट्ट बसतात आणि झीज स्वतःलाच आवरते. अर्थात खडकाच्या ताकदीपलीकडे दाब गेला तर खांब फुटतोच.

कमानीसाठी आणखी एक गोष्ट लागते. कड्यात आडवी फट असेल तर वरचा भार तिच्यातून सरळ खाली उतरू शकत नाही. तो वळसा घेऊन दोन्ही बाजूंनी जमिनीकडे जातो. मुख्य दाबाच्या या रेषा वाकलेल्या असतात आणि त्यांच्या आतल्या भागावर भार जवळजवळ नसतो. तिथले कण मोकळे असल्यामुळे पाण्याने आणि मिठाने पटापट सुटतात. पोकळी वाढत वाढत दाबाच्या रेषेशी समांतर झाली की तिथे थबकते. उरतो तो भार वाहणारा भाग, म्हणजेच कमान. प्रयोगशाळेत ठोकळ्यांना खाचा पाडून त्यांनी कमानी, खांब, कपारी असे सगळे आकार पाण्याने घडवून दाखवले. निसर्गातल्या खडकात कणांना धरून ठेवणारं थोडं नैसर्गिक सिमेंटही असतं, त्यामुळे तिथे हे फार सावकाश होतं.

पेट्रातही दगडाबद्दलच्या अशा समजुती आहेत. तिथली खझने म्हणजे कड्यात कोरलेली सुमारे ४० मीटर उंच दर्शनी भिंत. तिच्या वरच्या कलशात खजिना आहे अशी समजूत होती. तो फोडायला झाडलेल्या गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. कलश मात्र भरीव दगडाचा. आता हे परग्रहवासीयांनी बांधलं असे व्हिडिओ फिरतात, वेरूळच्या कैलासाबद्दल फिरतात तसेच. दोन्हीकडे माणसांनी वरून खाली कोरत आणलं आणि छिन्नीचे घाव दगडावर आहेत. कारागिरांचं श्रेय असं काढून घेतलेलं मला सहन होत नाही.

खझनेच्या पुढच्या खांबांपैकी एक कधीतरी कोसळला होता. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंत त्याची जागा रिकामी दिसते आणि आज तिथे उभा आहे तो विसाव्या शतकात नव्याने बांधलेला. मधल्या सगळ्या काळात वरचं दगडी छत जागचं हललं नाही, कारण त्याचा भार खांबावर नव्हताच. तो मागच्या कड्यातून खाली जात होता.