मिन्नेरियाचे हत्ती आणि तलावाची पातळी

श्रीलंकेच्या उत्तर-मध्य भागातील मिन्नेरिया राष्ट्रीय उद्यानात ऑगस्ट-सप्टेंबरच्या कोरड्या हंगामात कधीकधी 300 च्या आसपास रानहत्ती एकाच माळावर चरताना दिसतात. आशियाई हत्तींचा एवढा मोठा मेळा अन्यत्र क्वचितच भरतो. हत्ती तेथे पाण्यासाठी जमतात असे सरसकट सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे, कारण त्यांना मुख्यतः खेचून आणते ते गवत.

मिन्नेरियाचा तलाव राजा महासेनाने तिसऱ्या शतकात शेतीसाठी बांधला. ईशान्य मोसमी पावसात तो भरतो. पुढे भातशेतीला पाणी सोडले जाऊ लागले, की काठ मागे सरकतो आणि उघड्या पडलेल्या ओलसर तळावर कोवळे गवत उगवते. आसपासचे रान तेव्हा वाळलेले असते. प्रौढ हत्तीला दिवसाला सुमारे 150 किलो चारा लागतो आणि त्यातला निम्माही अंगी लागत नाही, त्यामुळे पचायला सोपे असे हिरवे गवत त्याला सोडवत नाही. ते इतके आखूड असते, की हत्ती पुढच्या पायाच्या नखांनी ते खरवडून सैल करतो, सोंडेत त्याची जुडी धरतो आणि माती झडावी म्हणून ती पायावर आपटून मगच तोंडात घालतो. दुर्बिणीतून शांतपणे पाहावे ते हेच. सुळेवाला नर शोधत जीप पळवण्यात फारसा अर्थ नाही, कारण श्रीलंकेतील नरांपैकी जेमतेम 7 टक्क्यांना सुळे असतात. माद्या पिल्लांना मध्ये घेऊन चरतात आणि आपल्याला ऐकू न येणाऱ्या, 20 हर्ट्‌झपेक्षा कमी वारंवारतेच्या आवाजांनी परस्परांशी संपर्क ठेवतात. जीप फार जवळ गेली, की हा कळप चरणे थांबवतो आणि कान फैलावून उभा राहतो.

पाणकावळे, झोळीवाले आणि चित्रबलाक पाण्याच्या कडेला दिसतात, चितळही दिसतात. बिबट्या मात्र सहसा दर्शन देत नाही.

अलीकडे मोरागहकंद धरणाचे पाणी कोरड्या हंगामातही या तलावात येऊ लागले आहे. शेतीला ते हवेच असते, पण पातळी चढली की गवत बुडते आणि हत्ती पांगतात. म्हणून महिना पाहून बेत आखण्यापेक्षा निघण्यापूर्वी तलावातील पाण्याची चौकशी करणे अधिक उपयोगाचे ठरते; तलाव भरलेला असल्यास स्थानिक चालकच शेजारच्या कौडुल्ल किंवा हुरुलुच्या रानाकडे जीप वळवतात.